मुरगाव हार्बरचं जुनं स्टेशन पाहून आलो, आठवणी असतील तर इथे लिहा

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. वास्कोला गाडीतून उतरलेल्या माणसाला वाटतं, लाइन इथेच संपली. ती तिथे संपत नाही. रूळ तसेच पुढे मुरगाव बंदरापर्यंत जातात. आता त्यांच्यावर फक्त मालगाड्या धावतात. पण या लाइनीचा जन्म तिथलाच. गोव्यातली पहिली आगगाडी मुरगावहून निघायची, वास्कोहून नाही.

माझे बाबा तिथे पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. गोवा मुक्तीनंतर गाडी पुन्हा सुरू झाली, त्या भरतीत 1964 साली लागले. ते जाऊन या श्रावणात सहा वर्षं झाली. जिवंत होते तेव्हा "एकदा हार्बरला जाऊन येऊ" असं दर दिवाळीला म्हणायचे आणि दर दिवाळीला राहून जायचं. गेल्या शनिवारी एका ओळखीच्या माणसाबरोबर रीतसर परवानगी काढून मी एकटाच गेलो. बंदराचा भाग असल्यामुळे फोन गेटवर ठेवावा लागला. फोटो नाहीत, म्हणून जे पाहिलं ते शब्दांत लिहितो.

फलाट म्हणावा असा सलग तुकडा साधारण चाळीस पावलांचा उरलाय. कडेला जांभ्याचे चिरे. मला सगळ्यात आधी खटकली ती त्यांची उंची. शेजारी रुळांच्या पातळीवर उभा राहिलो तर फलाट माझ्या गुडघ्यालाही लागेना. आजच्या फलाटांची सवय असलेल्या डोळ्यांना तो फलाट वाटतच नाही, एखाद्या घराची पडवी वाटते. मग आठवलं, ही मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची, लाइन होती. डबे लहान, पायऱ्या खाली. बाबा सांगायचे की बायका नऊवारी सावरत एका पावलात डब्यात चढायच्या.

कडेचे काही चिरे एका ठिकाणी आतून झिजलेत, बशीसारखे. सगळ्या फलाटभर नाही, तेवढ्याच दोन-तीन हात जागेत. तिथे सामानाचा डबा लागत असणार आणि ट्रंका त्या चिऱ्यांवरून ओढल्या जात असणार, असा माझा अंदाज. मी त्या खळग्यात हात ठेवला. आत बारीक काळी भुकटी होती. ती कोळशाची, हे वास्कोत राहणाऱ्यांना सांगायला नको. आमच्याकडे तुळशीच्या पानांवरसुद्धा ती बसते.

फलाटाच्या टोकाला चिऱ्यांचा एक गोल चौथरा आहे आणि मधोमध जाड लोखंडी नळाचं कापलेलं तोंड. इंजिनाला पाणी देणारी सोंड तिथे असावी. त्याच्या मागे पिंपळ. पिंपळाने एका भिंतीचा कोपरा असा धरून ठेवलाय की झाड तोडलं तर भिंत पडेल. कुंपणाला खांब म्हणून जुने रूळ उभे पुरलेत. एका रुळाच्या कमरेवर उठावाची अक्षरं आहेत, पण गंजामुळे वाचता येत नाहीत. ती कशी वाचावीत, कुणाला ठाऊक आहे का? आणि या स्टेशनवरून कुणी प्रवास केला असेल, किंवा घरातल्या कुणाकडून ऐकलं असेल, तर कृपा करून लिहा. माझ्याकडे बाबांचे तुकडे आहेत, पण ते जोडायला दुसऱ्या बाजूचं काहीच नाही.

सई_बायणा

दादा, मी बायणात लहानाची मोठी झाले आणि हे स्टेशन आत आहे हेच माहीत नव्हतं. त्या झिजलेल्या चिऱ्यांचं वाचून अंगावर काटा आला.

जुना_गार्ड

चिरेबंदी, अक्षरांसाठी साधा उपाय आहे. तारेच्या ब्रशने घासू नका, उरलेलं निघून जाईल. सुक्या फडक्याने धूळ झाडा आणि पांढरा खडू आडवा धरून उठावावरून हलकेच फिरवा. उठलेला भाग पांढरा होतो, खोलगट भाग काळा राहतो. रुळावर कारखान्याचं नाव आणि साल घालायची पद्धत फार जुनी आहे. आमच्या खात्यातले लोक त्यावरूनच रुळाचं वय सांगायचे.

तुमचे वडील पॉइंट्समन होते म्हणजे त्यांनी गोळा नक्की हाताळला असणार. एकेरी लाइन असली की पुढच्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी दोन स्टेशनांत दोन यंत्रं असतात, एकमेकांना तारेने जोडलेली. दोन्हीकडच्या मास्तरांचं बोलणं झाल्याशिवाय यंत्रातून गोळा बाहेर पडत नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही. तो गोळा कातडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कडीला बांधतात. गाडी न थांबता जाणार असेल तर पॉइंट्समन ती कडी उंच धरून फलाटावर उभा राहतो आणि इंजिनातला माणूस जाता जाता हात घालून ती ओढून घेतो.

चिरेबंदी

जुना_गार्ड काका, तुम्ही हे लिहिलंत आणि बाबांचा उजवा दंड डोळ्यांपुढे आला. कोपराच्या वर कायमचा एक निळसर पट्टा होता. लहानपणी विचारलं की "कडी लागली" एवढंच म्हणायचे. मी आजवर दाराची कडी समजत होतो.

मिठागर

धागा चांगला आहे. पण या रेल्वेची सुरुवात कुठून झाली तेही इथे यायला हवं, नाहीतर सगळं गोडगोड होईल.

डिसेंबर 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. दोन्हीकडची जकात एक झाली, मुरगावला बंदर आणि तिथून घाटावर रेल्वे बांधायचं ठरलं. पण त्याच तहात गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रज सरकारकडे गेला. त्या बदल्यात गोवा सरकारला वर्षाला 4 लाख रुपये. सरकारला पैसे मिळाले, पण ज्याचं पोट मिठावर होतं त्याला काय मिळालं? पिढ्यान् पिढ्या समुद्राचं पाणी खाचरात घेऊन ज्यांनी मीठ पिकवलं, त्यांनी किती पिकवायचं आणि कुठे विकायचं हे इंग्रजांचे अधिकारी ठरवू लागले. आमच्या घराण्याची मिठागरं त्याच वर्षांत ओस पडली असं आजोबा सांगायचे. त्यांच्या आजोबांचे दोन भाऊ मुंबईला गेले ते परत आले नाहीत.

तह 1880 च्या सुरुवातीला लागू झाला आणि 12 वर्षंच टिकला, 1892 च्या सुरुवातीला संपला. रेल्वे मात्र 1888 मध्ये घाटावरच्या कॅसलरॉकपर्यंत पुरी झाली होती, ती राहिली. मुरगाव ते कॅसलरॉक सुमारे 82 किलोमीटर. मुंबईला गेलेले पुढचे लोक त्याच गाडीने गेले. तुमच्या चिऱ्यांवर ज्या ट्रंका घासल्या, त्यांतल्या काही मिठागरवाल्यांच्याही असतील. त्यांची आठवण निघावी म्हणून हे लिहिलं, कुणाचा हिरमोड करायला नाही.

चिरेबंदी

हिरमोड कसला, उलट हेच हवं होतं. बाबांना यातलं काही माहीत नसावं. ते कधी बोलले नाहीत.

कुडचडेकर

आमचं स्टेशन सावर्डे. माझी आजी झांबावलीची. वास्कोच्या दामोदर सप्ताहाचा, म्हणजे श्रावणातल्या अखंड भजनाच्या उत्सवाचा, नारळ झांबावलीच्या दामोदराच्या देवळातला, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. त्यामुळे आजीला सप्ताहाला जायचंच असायचं, मग पाऊस असो की पूर. श्रावणात सावर्डे स्टेशनावर गर्दी इतकी की लोक टाळ गळ्यात अडकवूनच गाडीत चढायचे. डब्यात भजन सुरू व्हायचं ते चांदर, मडगाव, माजोर्डे, कासावली करत वास्को येईपर्यंत थांबायचं नाही. मडगावला ख्रिश्चन बायका मासळीच्या पाट्या घेऊन चढायच्या. भजनी मंडळी उपासाची, तरी कुणी कुणाला बोलायचं नाही, पाट्या दाराशी आणि टाळ आत. आजी म्हणायची, "गाडीत सोवळं नसतं."

मिरजेचा_पाहुणा

आमचा गोव्याशी संबंध मिरज स्टेशनमुळे. पुणे-मिरज लाइन 1971 मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली. त्याआधी पुण्यापासून गोव्यापर्यंत सगळी लहानच लाइन होती. 1971 नंतर मुंबई-पुण्याहून गोव्याला जाणाऱ्यांना मिरजेला उतरून लहान गाडीत बसावं लागे. "मिरजेला बदलायचं" हा शब्दप्रयोग आमच्या घरात आजही आहे. वडिलांचं तिथे पुस्तकांचं आणि चहाचं छोटं दुकान होतं. पहाटे मोठी गाडी आली की हमाल, पोरंबाळं, सुटकेसा, फणसाचे पोते, सगळं धावत दुसऱ्या बाजूला. लहान गाडीत जागा पकडायला लोक पोरांना खिडकीतून आत सोडायचे. गोव्याहून येणारे उलटे. त्यांच्या सामानाला काजूचा आणि सुक्या बांगड्याचा वास असायचा, वडील डोळे मिटून सांगायचे की कुठली गाडी लागली.

नव्वदीत इकडचीही लाइन ब्रॉडगेज झाली आणि मिरजेला बदलणं संपलं. प्रवाशांची सोय झाली हे खरंच. आमचं दुकान दोन वर्षांत बंद झालं, हेही तितकंच खरं.

पायवाट_21

मस्त धागा! मी आणि मित्र पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याच्या कुळ्यापासून रुळांवरून चालत सोनावळी, दूधसागर, करंझोळ करत कॅसलरॉकला जाणार आहोत. वाटेत जुन्या क्वार्टर्स, बोगदे, मीटर गेजचे अवशेष बघायचे आहेत. कुणाला वाट माहीत आहे का?

जुना_गार्ड

बाळा, जाऊ नकोस. रागावून नाही सांगत, तो घाट मी अंगावर घेतलेला आहे.

कुळे ते कॅसलरॉक 26 किलोमीटर आणि चढ 37 ला 1. म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. रस्त्याला हा चढ काहीच नाही, लोखंडावर लोखंडाच्या चाकाला तो फार आहे. म्हणून कुळ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. खाली येणारी गाडी तर आणखी अवघड. ब्रेक सुटले तर ती थांबायची नाही, म्हणून उताराला मध्येमध्ये वर चढत जाणारी आंधळी लाइन ठेवलेली असते. सांधा कायम तिच्याकडे लावलेला. ड्रायव्हरने गाडी आधी पूर्ण थांबवून दाखवायची, मगच त्याला खरा रस्ता मिळतो. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप मंदावते. अशा ठिकाणी, पावसाचा आवाज कानात आणि धुकं डोळ्यांपुढे, तुम्ही रुळांत चालणार. बोगद्यात गाडी आली तर भिंतीला पाठ लावायला जागा नसते. गाडीचा आवाज पुढून येतोय की मागून, तेही कळत नाही.

शिवाय ते कायद्याने बंद आहे. 2023 च्या पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून गेलेल्या मुलांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. उठाबशांवर निभावलं हे नशीब. गाडीत बसून जा. खिडकीतून धबधबा, बोगदे, जुन्या क्वार्टर्सच्या भिंती, सगळं दिसतं.

पायवाट_21

काका, बेत रद्द केला. मित्रांनाही हे वाचायला दिलं. गाडीनेच जाऊ.

जुना_गार्ड

जीव भांड्यात पडला. आल्यावर लिहा.

सातेरीची_लेक

कुळ्याचं नाव निघालं म्हणून. माझी आई बेळगावची, लग्न होऊन 1951 मध्ये गोव्यात केप्याला आली. तेव्हा कुळे म्हणजे पोर्तुगीजांचा नाका आणि कॅसलरॉक म्हणजे भारताचा. दोन्हीकडे सामान उतरवून दाखवायचं. आईच्या रुखवताच्या पेटीत पैठणी होती आणि खाली आजीने हाताने लिहिलेली पाककृतींची वही. कुळ्याच्या शिपायाने पैठणी बाजूला ठेवली आणि वहीच चाळत बसला, कारण मोडी अक्षरं त्याला कळेनात. त्याला वाटलं काहीतरी गुप्त कागद आहे. गाडी खोळंबली. शेवटी त्याच डब्यातल्या एका भटजींनी एक पान मोठ्याने वाचून दाखवलं, सांज्याच्या पोळ्यांचं. आई सांगायची की ते ऐकताना तिला रडू आलं, भीतीने नाही, आपल्या आईचे शब्द परक्या माणसाच्या तोंडून ऐकून.

1955 च्या ऑगस्टमध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि भारताने गाडी बंद केली. आईचे वडील त्यानंतर वारले. तिला जाता आलं नाही. मुक्तीनंतर गाडी सुरू झाली तेव्हा ती बेळगावला गेली, पण दार उघडायला आजोबा नव्हते.

ती वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर कोपऱ्यात निळ्या शाईचा अर्धा शिक्का आहे.

मिठागर

ताई, त्या शिक्क्याचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या दमट हवेत बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा.

सातेरीची_लेक

आजच गुंडाळते.

किल्लेदार

मुरगाववरचं माझं एक आवडतं प्रकरण. 1683 च्या अखेरीस संभाजीराजांनी गोव्यावर अशी धडक मारली की व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने राजधानीच जुन्या गोव्याहून मुरगावच्या टेकाडावर न्यायचं ठरवलं. किल्ला होताच, तीन बाजूंनी पाणी, शत्रू येणार तो एकाच वाटेने. कामही सुरू झालं, पण राजधानी काही तिथे नांदली नाही. दोनशे वर्षांनी त्याच टेकाडाखाली रेल्वे आली.

आणि दुसरं म्हणजे 1943. मार्च महिन्यात मुरगावच्या बंदरात आसऱ्याला थांबलेल्या जर्मन बोटी रात्रीत जळून बुडाल्या. कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या छुप्या तुकडीचा तो छापा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथेच जपानी आणि अमेरिकन नागरिकांची अदलाबदल झाली, एका बोटीतले लोक दुसरीत आणि दुसरीतले पहिलीत. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून हे बंदर निवडलं. चिरेबंदी, तुम्ही त्या फलाटावर उभे राहिलात तेव्हा समोर हेच पाणी होतं.

चिरेबंदी

किल्लेदार, धन्यवाद. त्या दिवशी समोर कोळशाची एक बोट उभी होती आणि दोन पोरं गळ टाकून बसली होती.

सई_बायणा

दादा, एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या घरासमोर गटारावर पाय टाकायला एक लोखंडी पट्टी आहे. उलट्या पन्हळीसारखी, दोन्ही टोकं खाली वाकलेली, वर दोन जागी कान निघाल्यासारखे आहेत. आम्ही लहानपणी त्यावर उभं राहून "गाडी सुटली" खेळायचो. घरमालकांचे वडील हार्बरला कामाला होते. हे रेल्वेचं असेल का?

जुना_गार्ड

असेल काय, आहेच. तो पोलादी स्लीपर, रुळांखाली आडवा टाकतात तो. एक काम करा, टेप घ्या. समोरासमोरच्या दोन कानांमध्ये रूळ बसायचा. एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत 1 मीटर यायला हवा. ब्रॉडगेजचा असेल तर 1.676 मीटर.

सई_बायणा

मोजलं. मी, माझी मुलगी आणि शेजारचे आजोबा, तिघांनी मिळून. कानांच्या खुणांवरून 1 मीटरला बोटभर इकडेतिकडे! आजोबा ऐंशीचे आहेत. मी विचारल्यावर म्हणाले, "अगं, हा माझ्या बापाने खांद्यावरून आणला, लाइन बदलायच्या कितीतरी आधी. मोडका म्हणून टाकून दिला होता." मग खुर्ची मागवली आणि तासभर बोलले. मी फोनवर रेकॉर्ड केलंय. दादा, तुमच्या बाबांना ते ओळखत होते. "वेताची कडी धरून उभा राहायचा तो उंच माणूस," असं म्हणाले. गाडी येताना तोंडाने कसलंतरी पद म्हणायचे म्हणे.

चिरेबंदी

सई, हे वाचून मी अर्धा तास काही लिहू शकलो नाही.

बाबा "पंढरीनाथा झडकरी आता" म्हणायचे. घरीसुद्धा, पाणी तापत असताना. ते ड्यूटीवरही म्हणत असतील हे मनात कधी आलं नाही. रविवारी येऊ का? आजोबांना चालेल?

सई_बायणा

कधीही या. पण लवकर या, कारण पुढच्या आठवड्यात रस्त्याचं काम सुरू होतंय. ठेकेदाराच्या माणसांनी गटारावरचं सगळं काढून भंगारात टाकायचं सांगितलंय.

चिरेबंदी

रविवारची हकीकत.

आधी हार्बर. ओळखीच्या माणसाबरोबर पुन्हा आत गेलो, खिशात फक्त खडू. जुना_गार्ड काकांनी सांगितलं तसं केलं. रुळाच्या कमरेवर पांढरी अक्षरं हळूहळू वर आली. कारखान्याच्या नावातलं "स्टील" तेवढं लागलं. पुढे सालाच्या जागी "18" स्पष्ट, शेवटचे दोन आकडे गंजाने खाल्लेत. बोटाने चाचपून पाहिलं तर तिसरा आकडा गोलसर लागतो, पण खात्री देता येत नाही.

मग बायणा. आजोबांनी मला पाहताच नाव न विचारता "उंची बापाचीच" म्हटलं. त्यांच्या आठवणी सईने रेकॉर्ड केल्यात, ती टंकून इथे टाकणार आहे. एक मात्र आत्ताच सांगतो. मी त्यांना झिजलेल्या चिऱ्यांचं विचारलं. त्यांनी मान हलवली. ट्रंकांनी नाही म्हणाले, दुधाच्या कॅनांनी. पहाटेच्या गाडीने दूध यायचं आणि पोरं कॅन उचलायच्या ऐवजी काठावर तिरका करून फिरवत न्यायची, रोज, त्याच जागी. त्या पोरांत ते स्वतः होते.

स्लीपर आम्ही दोघांनी उचलला, मी आणि सईचा नवरा. वाटला त्याहून जड निघाला. त्यांच्या अंगणात आंब्याखाली दोन चिऱ्यांवर ठेवलाय. सईच्या मुलीने लगेच त्यावर उभं राहून गाडी सोडली. कुणाला बघायचा असेल तर इथे कळवा, आजोबा दुपारी चारनंतर जागे असतात.

कुडचडेकर

पुढच्या रविवारी येतो. आजीचे टाळ घेऊन येऊ का, आजोबांना दाखवायला?

सई_बायणा

आणा. ते आत्ताच विचारतायत, सावर्ड्याचे कोण म्हणून.